गाळलेल्या ओळींचं मानक

फोरट्रान ही १९५७ सालची भाषा. हवामानाची मोठमोठी गणितं आजही तिच्यात चालतात. आता असा प्रोग्राम तीन-चार वेगळ्या यंत्रांवर चालवायचा असतो. प्रत्येकासाठी वेगळी प्रत ठेवली, तर एकीतली दुरुस्ती दुसरीत करायची राहून जाते. म्हणून प्रत एकच ठेवायची, आणि कंपायलरकडे देण्याआधी नको त्या ओळी अटीनुसार गाळायच्या. हे कंडिशनल कंपायलेशन.

साध्या 'इफ'पेक्षा हे वेगळं आहे, बरं का. 'इफ'मधली कधीच न चालणारी ओळसुद्धा प्रोग्रामचा भाग असते, कंपायलर ती तपासतो. इथे गाळलेली ओळ त्याच्यापर्यंत पोचतच नाही. ती चुकीची असली तरी कोणी बोलत नाही. (नैयायिकांनी अभावाला पदार्थ मानलं, ते इथे पटतं!) दहा स्वतंत्र अटी असल्या, की एकाच फाइलमधून १०२४ प्रोग्राम निघू शकतात. तुम्ही तपासला तो त्यातला कोणता?

फोरट्रानकडे ही सोय नव्हती, म्हणून लोकांनी सी भाषेचा प्रीप्रोसेसर उसना घेतला. त्याला बिचाऱ्याला फोरट्रान कळत नाही. फोरट्रानमध्ये // म्हणजे मजकुराचे दोन तुकडे जोडणं. सी++च्या रीतीने तिथून टीप सुरू होते, आणि उरलेली ओळ उडू शकते. एखाद्या नावाच्या जागी लांब मजकूर भरला तर ओळ वाढते, आणि जुन्या मांडणीत ७२व्या स्तंभापुढचं कंपायलर वाचतच नाही.

मग १९९९ साली आयएसओने फोरट्रान मानकाचा तिसरा भाग काढला. त्याचं लाडकं नाव 'कोको'. आज्ञेची ओळ दोन प्रश्नचिन्हांनी सुरू करायची, अट फोरट्रानच्याच वळणाची, चलं फक्त पूर्णांक किंवा खरं-खोटं. मला विचाराल तर रचना नेटकी होती. पण हा भाग ऐच्छिक. कंपायलरवाल्यांनी तो फारसा मनावर घेतला नाही, आणि लोकांच्या कोडमध्ये तोवर #वाल्या आज्ञा रुजून बसल्या होत्या. त्या बदलणार कोण? पुढे आयएसओने तो भाग मागेच घेतला.

समितीने चांगलं काय ते सांगितलं. वापरणाऱ्यांना हवं होतं ते निराळं: चालू वहिवाट कोणीतरी नीट लिहून द्यावी, म्हणजे // चं काय होणार हे प्रत्येक कंपायलरच्या पुस्तिकेत शोधावं लागणार नाही. आता भाषेच्या पुढच्या आवृत्तीसाठी समितीत पुन्हा प्रीप्रोसेसरचं काम चाललं आहे. या खेपेला तो सीच्याच वळणाचा आहे.