दोन बाटल्या आणि एक सही

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत 'सरकारी नोकरी' हे शब्द अजूनही एका विशिष्ट सुरात उच्चारले जातात. कोणाचे पणजोबा वहिवाटदार होते, कोणाचे आजोबा हुजूर कचेरीत कारकून होते, कोणी कलाभवनातून शिकून बाहेर पडले आणि संस्थानच्या रेल्वेत चिकटले. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० मध्ये आपण गुजरातेत आलो. पुढे आमची मुले बँकांत गेली, विद्यापीठात गेली, १९६५ साली कोयलीला रिफायनरी सुरू झाली तेव्हा तिकडेही गेली. परंतु आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यातील एका मुलीने काही वर्षांपूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळात नोकरी धरली, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलेच, "म्हणजे म्युनिसिपालिटीत का गं?"

काकूंना तरी दोष का द्यावा? हे खातेच मुळी नवे. पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा संसदेने १९७४ साली केला आणि त्याच वर्षी मंडळे स्थापन होऊ लागली. हवेचा कायदा १९८१ चा. भोपाळची ती भयंकर रात्र १९८४ च्या डिसेंबरात झाली आणि १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षणाचा व्यापक कायदा आला. म्हणजे ज्या नोकरीविषयी आपण बोलत आहोत तिला अजून दोन पिढ्यांचाही इतिहास नाही. वहिवाटदाराचा रुबाब तिला कोठून यावा!

ही मुलगी स्थापत्य शाखेची पदवीधर. पर्यावरण, रसायन किंवा स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी असेल तर अभियंत्याच्या बाजूने प्रवेश मिळू शकतो. रसायनशास्त्रासारख्या विषयात एम्. एस्सी. केले असेल तर प्रयोगशाळेच्या, म्हणजे वैज्ञानिक बाजूने. आपल्याकडे सहायक पर्यावरण अभियंत्यापासून ही शिडी सुरू होते. महाराष्ट्रात त्याच जातीच्या माणसाला क्षेत्र अधिकारी म्हणतात. जाहिरात दरवर्षी निघतेच असे नाही. निघाली की लेखी परीक्षा, आणि मग वापी, अंकलेश्वर, जामनगर अशी कुठेही नेमणूक. गुजराती लिहिता-वाचता येणे उपयोगी. ते आपल्या मुलांना आईच्या दुधाबरोबर नसले तरी गल्लीतल्या खेळाबरोबर मिळालेलेच असते.

परीक्षेच्या दिवसांत ती वाड्याच्या झोपाळ्यावर बसून कायद्याची कलमे मोठ्याने पाठ करीत असे. एकविसावे कलम तर आम्हा सर्वांनाच पाठ झाले होते. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना न्यायालयात पुरावा म्हणून चालायचा असेल, तर तो कसा घ्यावा हे त्या कलमात सांगितले आहे. अधिकाऱ्याने तेथल्या तेथे भोगवटादाराला, म्हणजे कारखानदाराला किंवा त्याच्या प्रतिनिधीला, नोटीस द्यायची. त्याने मागणी केली तर त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करायचे. दोन्ही भाग वेगळ्या बाटल्यांत घालून खुणा करायच्या, सील करायचे आणि त्यावर दोघांनीही सह्या करायच्या. एक बाटली मंडळाच्या प्रयोगशाळेत. दुसरी, भोगवटादाराची तशी विनंती असेल तर, राज्याच्या मान्य जल-प्रयोगशाळेत. तिचा खर्च मात्र त्याने सोसायचा. दोन अहवालांत तफावत पडली तर दुसऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल ग्राह्य. ह्या क्रमातली एखादी पायरी चुकली की तो नमुना पुराव्याच्या कामाचा राहत नाही, मग पाणी कितीही काळे असो.

झोपाळ्याच्या समोर, ओट्यावर, तिचे काका वर्तमानपत्र वाचत बसलेले असत. ते शहराबाहेरच्या एका कारखान्यात तीस वर्षे केमिस्ट. "म्हण, म्हण, पुन्हा म्हण," ते हसून म्हणत, "आमच्याही उपयोगी पडेल एखादे दिवशी." कारखान्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही.

नोकरीचा पहिला उन्हाळा तिने नद्यांवर काढला. एकदा सयाजीबागेजवळ काळ्या घोड्याच्या पुलावर ती उभी असलेली मला दिसली. सकाळी फिरायला गेलो होतो. दोरीला बांधलेले भांडे विश्वामित्रीत सोडून तिने पाणी वर घेतले आणि तीनशे मिलिलिटरच्या काचेच्या बाटलीत असे हलके भरले की आत एकही बुडबुडा राहू नये. मग त्यात दोन औषधे थेंबाथेंबाने सोडली. "बघा आजोबा," ती म्हणाली, "पाण्यात प्राणवायू असेल तर गाळ तपकिरी होतो. नसेल तर पांढरा." आम्ही दोघेही बाटलीकडे पाहत राहिलो. गाळ पांढराच राहिला. खाली दगडावर एक मगर ऊन खात पडली होती. तिला हवा वरून घ्यायची असल्याने तिचे भागते, माशांचे भागत नाही, एवढे म्हणून तिने बाटली बर्फाच्या पेटीत ठेवली आणि वहीत वेळ लिहिली.

ह्याच शहराला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराजांनी आजव्याहून नळाने पाणी आणून दिले, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. त्याच शहराच्या आसपासच्या कारखान्यांचे सांडपाणी वाहून नेण्यासाठी १९८३ साली सुमारे पंचावन्न किलोमीटर लांबीचा कालवा सुरू झाला, तो पादरा-जंबुसरच्या बाजूने जाऊन खंभातच्या आखाताकडे पाणी सोडतो, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. पाणी कोठून येते ह्याची चौकशी घरोघर होते. कोठे जाते ह्याची करण्यासाठी पगार द्यावा लागतो.

नदीत किंवा अन्य भूपृष्ठावरच्या पाण्यात सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा कागदावर स्पष्ट आहे. रासायनिक प्राणवायूची मागणी लिटरला २५० मिलिग्रॅम, जैविक मागणी ३०, तरंगते कण १००, आम्लता साडेपाच ते नऊच्या दरम्यान. आकडे पाठ करायला एक दिवस पुरतो. पण कारखाना बंद करण्याचा, वीज तोडण्याचा हुकूम ह्या मुलीच्या हातात नसतो; तो मंडळाचा अधिकार. तिच्या हातात असतो अहवाल. संमतिपत्राच्या अर्जावर चार महिन्यांत निर्णय झाला नाही तर संमती मिळाली असे कायदाच धरून चालतो, म्हणून अर्जांचा ढीग आधी उपसावा लागतो. देशभरातल्या ह्या मंडळांत सुमारे निम्मी मंजूर पदे रिकामी असल्याचे गेल्या काही वर्षांत वारंवार उघड झाले आहे. तेव्हा एकीच्या टेबलावर दोघींचे काम. शिवाय पाण्याच्या कायद्यात २०२४ मध्ये दुरुस्ती होऊन बऱ्याच गुन्ह्यांची कैद गेली आणि तिच्या जागी दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंतचा दंड आला. ज्या राज्यांनी ती स्वीकारली तेथे ती लागू. ह्याने काम सुकर होईल असे काहीजण म्हणतात. मोठ्या कारखान्याला पंधरा लाख म्हणजे किती, हा हिशेब वाचकांनी घरी करून पाहावा.

आता त्या पावसाळ्याची गोष्ट. रात्री, मुसळधार पावसात, नाल्यात रंगीत पाणी सोडले जाते अशी तक्रार मंडळाकडे आली आणि तपासणीच्या यादीत काकांचा कारखाना निघाला. मुलीने त्याच दुपारी साहेबांना लेखी कळवले की माझे सख्खे काका तेथे नोकरीस आहेत, मला ह्या कामावर पाठवू नये. घरी तिने अवाक्षर काढले नाही. त्या रात्री जेवताना काका शेजारच्याच पाटावर होते, आणि तिने त्यांना दोनदा आमटी वाढली, असे तिच्या आईने मला मागाहून सांगितले. मला विचाराल तर परीक्षेतल्या सर्व प्रश्नांहून हा प्रश्न कठीण होता.

पहाटे तीन वाजता तिचा सहकारी फाटकावर पोचला. प्रक्रिया केंद्राची जबाबदारी काकांकडे असल्याने त्यांना घरून बोलावणे आले. स्कूटरवर भिजत ते गेले. नोटीस वाचली आणि शांतपणे म्हणाले, "नमुन्याचे दोन भाग करा." तो तरुण जरा चकित झाला, बहुधा लोक सही करायलाच कां-कूं करतात. काकांनी दोन्ही बाटल्यांवर सही केली, वेळ स्वतःच्या घड्याळाशी पडताळून पाहिली आणि दुसरी बाटली राज्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवण्याची विनंती लिहून दिली.

पहिल्या बाटलीचा अहवाल मर्यादेच्या बराच बाहेर आला. कारखान्याला नोटीस गेली. मालकांनी काकांना बोलावून घेतले आणि घरातच अधिकारी असून आधी कळले कसे नाही, असे चारचौघांत विचारले. काका उत्तर न देता परत आले. दुपारी ओट्यावर वर्तमानपत्र वाचणे त्यांनी बंद केले. महिनाभर काका-पुतणीत 'दार लावून घे', 'दूध आले का' ह्यापलीकडे बोलणे नव्हते. वाड्यातली माणसे दोन पक्षांत वाटली गेली. घरच्या माणसाला सावध करण्यात पाप ते कसले, असे म्हणणाऱ्यांचा पक्ष मोठा होता. मीही पहिल्या दिवशी त्याच पक्षात होतो, हे कबूल केले पाहिजे.

गणपती आले. पाचव्या दिवशी आरतीनंतर मुलगी झोपाळ्यावर टेकली होती. काका मोदकांचे ताट घेऊन आले, तिच्यासमोर ठेवले आणि ओट्यावर आपल्या जुन्या जागी बसले.

"दुसऱ्या बाटलीचा अहवाल यायला किती दिवस लागतात गं?"

"काका, ते मला नका ना विचारू. तो कागद माझ्या टेबलावर येतच नाही."

"बरं," काका म्हणाले. "पहिली बाटली बर्फात ठेवली होती की नाही, एवढं तरी सांगशील?"

"तिथे तुम्हीच होतात ना!"

"होतो. ठेवली होती," ते म्हणाले आणि ताट तिच्याकडे सरकवले. "खा. गार होतायत."