दवाखाना जवळ, उपचार दूर

दिवाळीच्या सुमारास गाळप हंगाम सुरू होतो आणि बीडसारख्या दुष्काळी भागातून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या खोप्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात उभ्या राहतात. शहरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे, खेडोपाडी आरोग्य उपकेंद्रे आहेत. तरीही या कुटुंबांना उपचार दुर्मीळ का?

पहिले कारण मजुरीचे. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. आजारपणात एक खाडा झाला तर मजुरी बुडते, वर दंड बसतो. म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. दुसरे कारण स्थलांतराचे. गरोदर मातेची व बालकाच्या लसीकरणाची नोंद मूळ गावच्या आशा सेविकेकडेच राहते. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया इतक्या वाढल्या की २०१९ साली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली.

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाचा अनुच्छेद ४७ सांगतो. ते कर्तव्य पार पडायचे, तर आरोग्यसेवेनेच खोपीपर्यंत गेले पाहिजे. आपल्या वसतिगृहातील विद्यार्थ्यानेही एखाद्या मातेला लसीकरणाचे कार्ड वाचून दाखविले, पुढील तारखेची आठवण दिली, तर एक अडसर निश्चित दूर होईल.