नियमग्रंथांच्या आवृत्त्यांची तुलना : ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चे उदाहरण

नियमग्रंथाची नवी आवृत्ती निघाली म्हणजे जुनी आवृत्ती आपोआप निकालात निघते, असा एक समज आढळतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ ह्या भूमिकाक्रीडेच्या बाबतीत तो खरा ठरत नाही. जुन्या आवृत्त्यांनुसार खेळणारे आजही आहेत. तेव्हा आवृत्तीभेदाने नेमके काय बदलते, हा प्रश्न विचारात घेणे अगत्याचे आहे.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत तीन पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. सूत्रधार, म्हणजे ‘डन्जन मास्टर’, प्रसंग वर्णन करतो व निवाडा देतो. अनिश्चित गोष्टींचा निर्णय फाशावर सोपविला जातो.

प्रथम प्रहाराचा नियम पाहू. १९८९ च्या आवृत्तीत प्रतिपक्षाचा कवचांक जितका कमी, तितके त्याचे संरक्षण अधिक. हल्लेखोराच्या ‘थॅको’ नामक अंकातून हा कवचांक वजा करावयाचा व येईल ती संख्या वीस बाजूंच्या फाशावर गाठावयाची. थॅको १७ व कवचांक ४ असल्यास १३ किंवा अधिक दान पडले पाहिजे. २००० सालच्या आवृत्तीने क्रम उलटविला : कवचांक जितका मोठा, तितके संरक्षण अधिक. वरचेच उदाहरण नव्या रीतीने मांडल्यास हल्लेखोराची भर ३ व कवचांक १६ होतो. दान पुन्हा १३ च लागते. दोन्हीकडे यशाची शक्यता २० पैकी ८, म्हणजे ४० टक्के. अर्थात येथे बदलली ती गणिताची मांडणी, गणित नव्हे.

तथापि मांडणीचा बदल निव्वळ बाह्य असतो, असेही नाही. १९७९ साली प्रहाराची कोष्टके सूत्रधाराच्या ग्रंथात होती. १९८९ मध्ये थॅको खेळाडूंच्या ग्रंथात आला. आपल्या प्रहाराचा हिशोब खेळाडू स्वतः करू लागला. शक्यता तीच राहूनही ज्ञानाची वाटणी अशा रीतीने बदलू शकते.

दुसरे उदाहरण अनुभवगुणांचे. आरंभीच्या नियमांत सुरक्षित परत आणलेल्या एका सुवर्णमुद्रेस सामान्यतः एक अनुभवगुण मिळे. राक्षसवधाचे गुण त्या मानाने अल्प असत. साहजिकच शहाणा खेळाडू युद्ध टाळून धन मिळविण्याचा मार्ग शोधी. १९८९ मध्ये हा नियम ऐच्छिक झाला, आणि २००० साली गुण मुख्यतः आव्हानांवर मात केल्याबद्दल मिळू लागले. येथे फाशाचे गणित अबाधित राहिले, पण खेळाडूचे वर्तन बदलले. पूर्वी जो संघर्ष टाळण्यात हित होते, तोच आता प्रगतीचे साधन झाला.

तिसरा प्रकार २०१४ च्या आवृत्तीत दिसतो. अनुकूल परिस्थितीत दोन फासे टाकून मोठे दान घ्यावयाचे, प्रतिकूल परिस्थितीत लहान. १३ हे दान आवश्यक असता ४० टक्क्यांची शक्यता अनुक्रमे ६४ व १६ टक्के होते. अनेक लहान बेरजा-वजाबाक्यांचे काम ह्या एकाच उपायाने होते. हिशोब सोपा झाला खरा. परंतु अल्प अनुकूलता व मोठी अनुकूलता ह्यांतील भेद त्याबरोबर पुसला गेला. सुलभतेचे हे मूल्य तुलनाकाराने नोंदविले पाहिजे.

ह्यावरून असे दिसते की, कोणत्याही दोन आवृत्त्यांपुढे तीन प्रश्न वेगवेगळे ठेवावे लागतात : फलाची शक्यता बदलली काय? नियमाचे ज्ञान कोणाच्या हाती आले? आणि खेळाडूस कोणते वर्तन लाभदायक ठरले? ह्यांची गल्लत केल्यास केवळ मांडणीतील फरकास क्रांती म्हटले जाते, आणि बक्षिसाच्या एका ओळीने घडविलेले खरे परिवर्तन दृष्टीआड राहते. १९७४ पासून २०२४ च्या सुधारित ग्रंथांपर्यंतचा विकास ‘अवघडाकडून सोप्याकडे’ अशा एकाच रेषेत बसविण्याचा प्रयत्न म्हणूनच अपुरा ठरतो.