चौकटींचे दशक

ऑक्टोबर 2023 मध्ये ‘आर’ या संगणकभाषेतील आरजीडाल, आरजिओस आणि मॅपटूल्स ही तीन पॅकेजे निवृत्त करण्यात आली, आणि मालवणात बसून पावसाचे नकाशे मांडणाऱ्या आमच्या जुन्या आज्ञावली नव्या यंत्रावर चालेनाशा झाल्या. हा प्रसंग मनाला लागला.

‘आर’मधील नकाशांच्या 2005 पूर्वीच्या काळाविषयी सांगण्यासारखे थोडे आहे; जो तो आपले आकडे आपल्या रीतीने रचीत असे. त्या वर्षी एड्झर पेबेस्मा आणि रॉजर बिवंड यांनी ‘एसपी’ हे पॅकेज प्रसिद्ध केले आणि पुढील दशक आमच्या दृष्टीने सुवर्णाचे ठरले. त्यात प्रदेश समान चौकटींच्या जाळीत मांडला जाई; पहिल्या चौकटीच्या मध्यबिंदूचे स्थान, चौकटीचा आकार आणि दोन्ही दिशांची चौकटसंख्या एवढ्यावर संपूर्ण जाळी उभी राही. तिच्या जोडीला, गावनकाशाच्या जोडीला सातबाराचा उतारा असावा तसा, चौकटीगणिक एक ओळ असलेला तक्ता असे, ज्यात पाऊस, उंची आणि मातीचा प्रकार, म्हणजे संख्या आणि वर्ग, शेजारशेजारच्या रकान्यांत नांदत.

उदाहरणार्थ, पुण्याच्या हवामान खात्याची 1901 पासूनची पाव अंशाची पर्जन्यजाळी 135 गुणिले 129 चौकटींची आहे, आणि जिथे नोंद नाही तिथे उणे 999 हा आकडा येतो. त्या रिकाम्या चौकटी वगळून केवळ भरलेल्या ठेवण्याची सोय ‘एसपी’त होती. या जाळीत मालवण ते आंबोली हे अंतर जेमतेम तीन चौकटींचे! मालवणच्या चौकटीत किनारा आणि समुद्र एकत्र, आंबोलीच्या चौकटीत घाटमाथा आणि त्यामागचे पठार एकत्र. तेव्हा सरासरीने काय झाकले, हे उंचीचा रकाना शेजारी असल्याविना उमगत नाही. तरी एका कचेरीने आमच्याकडून रंगीत चित्र तेवढे ठेवून घेतले आणि तक्ता अनावश्यक म्हणून परत केला, याचा राग अद्याप गेलेला नाही.

सारी जाळी स्मृतीत ओढून घेणे हा ‘एसपी’चा खरा दोष होता, आणि 2010 मध्ये रॉबर्ट हाइमन्स यांच्या ‘रास्टर’ पॅकेजने त्यावर उपाय काढला. आजची ‘टेरा’ आणि ‘स्टार्स’ ही पॅकेजे अधिक समर्थ आहेत, हे निःसंशय. परंतु प्रत्येक चौकट ही एक नोंद आहे, ही दृष्टी मंदावली आहे, आणि नकाशा म्हणजे रंगांचे पान असे मानणारेच आता चोहीकडे भेटतात.

ज्यांच्या दफ्तरी ‘एसपी’त मांडलेले जुने माहितीसंच असतील त्यांनी ते वेळीच जिओटिफमध्ये उतरवून घ्यावेत, आणि रकान्यांची नावे, एकके व रिक्त चौकटीचा आकडा साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून त्यांच्यासोबत ठेवावा, ही विनंती.