तेविसावे मूळ

बंगळूर येथे १९२९ साली जन्मलेल्या शकुंतलादेवी यांनी १९७७ साली अमेरिकेतील डॅलस येथे एका २०१ अंकी संख्येचे तेविसावे मूळ ५० सेकंदांत मनातल्या मनात काढले. उत्तर होते ५४,६३,७२,८९१. एवढ्या संख्येचा तिनेच तिला २३ वेळा घेऊन केलेला गुणाकार म्हणजे ती प्रचंड संयुक्त संख्या होय.

ही संख्या अवाढव्य असली, तरी स्वैर नाही. तिच्यात २०१ अंक आहेत, एवढ्यावरूनच तिचे मूळ ४९ कोटी आणि ५५ कोटी यांच्या दरम्यान असणार हे निश्चित होते. तिच्या अखेरीस ७१ हे अंक आहेत. तेविसाव्या घाताच्या अखेरीस ७१ येण्यासाठी मुळाच्या अखेरीस ९१ असावेच लागतात. शिवाय या मुळाला २७ ने, म्हणजे तीनच्या घनाने, निःशेष भाग जातो. त्यामुळे त्या २०१ अंकी संख्येला ३ ने लागोपाठ ६९ वेळा भागता येते.

असे नियम उत्तराची दोन्ही टोके दाखवितात. मधले अंक मात्र आकडेमोड करूनच हाती येतात, आणि त्या ५० सेकंदांचे खरे मोल तेथेच आहे.