कॉफी आणि मूत्राशयाचा दाह

बंगळुरूच्या आग्नेय भागात होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या दरम्यान जी वसाहत उभी राहिली, तिला या रस्त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून एचएसआर लेआउट हे नाव मिळाले. संगणक-व्यवसायाच्या निमित्ताने महाराष्ट्रातून तेथे गेलेल्या एखाद्या नोकरदार स्त्रीचा दिवस आपण डोळ्यांसमोर आणू. सकाळी घरी फिल्टर कॉफीचा एक पेला, कचेरीत आणखी तीन. परंतु सिल्क बोर्डाच्या चौकात वाहने तुंबणार हे ठाऊक असल्याने निघण्यापूर्वी पाणी मात्र वर्ज्य. काही दिवसांनी लघवीला आग होऊ लागते आणि पुन्हा पुन्हा जावेसे वाटते. यालाच आपल्याकडे 'उन्हाळी लागली' असे म्हणतात. आई दूरध्वनीवरून धण्या-जिऱ्याचे पाणी सुचवते व कॉफी बंद करावयास सांगते. मैत्रीण म्हणते, कॉफीने लघवी साफ होते, उलट आणखी पी. या दोघींत बरोबर कोण?

कॅफीन हे द्रव्य १८१९ साली रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कॉफीच्या बियांपासून वेगळे काढले. शरीरातील अ‍ॅडिनोसिन नावाच्या पदार्थाचे काम ते अडवते. मेंदूत याचा परिणाम म्हणून झोप उडते. मूत्रपिंडात क्षार व पाणी परत शोषले जाण्याचे प्रमाण घटते, म्हणून लघवी थोडी वाढते. नित्य कॉफी पिणाऱ्यांत हा गुण बराच बोथट होतो. याशिवाय कॅफीनमुळे मूत्राशयाच्या भिंतीतील स्नायू अधिक चाळवतो आणि मूत्राशय पुरते भरण्याआधीच घाई होते.

जंतुसंसर्गाची कथा निराळी आहे. बहुतेक वेळा तो आतड्यात राहणाऱ्या इ. कोलाय या जीवाणूमुळे होतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांबीचा असल्याने त्याला वर चढणे सोपे जाते. जीवाणूच्या अंगावरील सूक्ष्म तंतू मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतात. अशा वेळी वरचेवर रिकामे होणारे मूत्राशय ही शरीराची साधी पण मोठी संरक्षक योजना होय. पाणी टाळून व लघवी तुंबवून आपण तीच मोडीत काढतो.

तेव्हा कॉफीने संसर्ग होतो, असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. आणि ती संसर्ग धुऊन काढते, हेही खरे नाही. आधीच सुजलेल्या मूत्राशयाला ती डिवचते एवढे मात्र अनेकींच्या अनुभवास येते. म्हणून आजार असेपर्यंत कॉफी, आणि अर्थात कडक चहाही, कमी करण्याचा आईचा सल्ला योग्य. धण्या-जिऱ्याच्या पाण्यातला खात्रीचा गुण बहुधा पाण्याचाच! २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वारंवार संसर्ग होणाऱ्या व कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त पिण्यास दिले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला. इतर स्त्रियांना ३.२ वेळा.

खरा धोका आहे तो गफलतीचा. घाईची भावना केवळ कॉफीची असताना औषधांच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविके घेतली जातात, आणि त्यांना दाद न देणारे जीवाणू मागे उरतात. याउलट संसर्ग असताना 'कॉफी जास्त झाली' म्हणून दिवस ढकलले, तर तो मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. थंडी वाजून ताप, कुशीत वा पाठीत दुखणे, लघवीतून रक्त, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. गर्भवतीने तर साधी जळजळही अंगावर काढू नये. लघवीची तपासणी स्वस्त असते; जंतूंची वाढ करून पाहण्यास दोन-तीन दिवस लागतात, पण कोणते औषध लागू पडेल ते त्यातून कळते.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. या आजारात कधी कधी दिले जाणारे सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे औषध यकृतातील कॅफीनचे विघटन मंदावते. एरवी घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे सुमारे पाच तासांत नाहीसे होते. हे औषध चालू असता ते अधिक काळ रक्तात रेंगाळते. नेहमीचेच पेले पिऊनही मग छातीत धडधडते, हात कापतात, झोप लागत नाही, आणि रोगी समजतो की औषध सोसले नाही.