लग्न आणि कायदा – भाग ६ : आधी धर्म नाकारा, मग सही करा

मागच्या भागात आपण १८५६चा विधवाविवाहाचा कायदा पाहिला. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्यासाठी पराशरस्मृतीचा आधार काढून दाखवला होता आणि विरोधकही शास्त्र घेऊनच भांडले. सोळा वर्षांनी त्याच कलकत्त्यात झालेल्या लग्नाच्या दुसऱ्या एका कायद्याला शास्त्राधाराची गरज पडली नाही. १८७२च्या या तिसऱ्या क्रमांकाच्या कायद्याखाली लग्न करायचे तर वधूवरांनी लिहून द्यायचे होते, की आम्ही ख्रिस्ती, यहुदी, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी कोणताही धर्म मानत नाही.

असे विचित्र कलम कोणाला सुचले? गंमत म्हणजे मुळात ते कोणालाच नको होते.

देवेंद्रनाथ ठाकुरांनी १८६१ साली आपल्या मुलीचे लग्न होम आणि शालिग्राम वगळून लावले. ब्राह्म समाजात तशी लग्ने होऊ लागली. १८६६ साली केशवचंद्र सेन आणि त्यांचे तरुण सहकारी वेगळे झाले, आणि त्यांच्याकडे जातीबाहेरची आणि विधवांची लग्नेही लागू लागली. मग एक साधा, व्यवहारी प्रश्न उभा राहिला: उद्या भावकीने कज्जा केला, तर या जोडप्यांची मुले औरस ठरतील का? सरकारी वकिलांचे मत पडले, की अशी लग्ने कायद्याने ग्राह्य नाहीत. केशवचंद्र सरकारकडे गेले ते या धास्तीने.

कायदामंत्री हेन्री मेन यांनी १८६८ साली मांडलेला मसुदा ऐसपैस होता. ज्याला आपल्या धर्माच्या विधीने लग्न करायचे नाही, त्याला सरकारदरबारी करता यावे. त्यावर ठिकठिकाणांहून हरकती आल्या. त्यांचा रोख असा, की धर्म सोडायचा असेल त्याने खुशाल सोडावा. पण हिंदू म्हणून घरात राहायचे, वारसा घ्यायचा आणि लग्न मात्र रीत मोडून करायचे, हे चालणार नाही. मला हा आक्षेप त्या सगळ्या वादातला सर्वांत प्रामाणिक वाटतो. भांडण मंत्रांचे कमी आणि घरच्या वाटणीचे जास्त आहे, हे त्यात उघड दिसते.

मेन यांच्यानंतर आलेल्या फिट्झजेम्स स्टीफन यांनी कायदा फक्त ब्राह्मांपुरता करायचे ठरवले. तेव्हा देवेंद्रनाथांचा आदि ब्राह्म समाज उसळला. आम्ही हिंदूच आहोत, आमची लग्नेही हिंदूच आहेत, आमच्यावर हा शिक्का नको, असे त्यांचे म्हणणे. केशवचंद्रांच्या मंडळींना हिंदू म्हणवून घेण्याची तेवढी गरज वाटत नव्हती. एकाच पंथातल्या या दोन तोंडांपुढे स्टीफन यांनी ब्राह्मांचे नावच काढून टाकले आणि जो कोणी सर्व प्रमुख धर्म नाकारील त्याच्यासाठी दार उघडले. धर्मात ढवळाढवळ करणार नाही, असे १८५८च्या जाहीरनाम्यात सांगून बसलेल्या सरकारने सावधगिरीच्या पोटी धर्माची झडतीच सुरू केली.

कायद्यात एकपत्नीत्व होते, वराला १८ आणि वधूला १४ वर्षांची अट होती. १८७८ साली केशवचंद्रांनी स्वतःची मुलगी कुचबिहारच्या राजाला दिली, तेव्हा दोघेही त्या वयात बसत नव्हते. समाज पुन्हा फुटला आणि साधारण ब्राह्म समाज जन्माला आला.

मुंबईत प्रार्थना समाज १८६७ साली निघाला, त्यामागे केशवचंद्रांच्या मुंबईभेटीची प्रेरणा होती. पण न्यायमूर्ती रानडे, भांडारकर हे हिंदू समाजातच राहून सुधारणा करू पाहणारे. ‘मी हिंदू नाही’ असे लिहून देणे त्यांच्या भूमिकेच्या मुळावर येणारे होते.

१९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी हिंदूंच्या आंतरजातीय लग्नांसाठी विधेयक आणले, ते तडीस गेले नाही. शाहू महाराजांनी मात्र १९१९ साली कोल्हापूर संस्थानापुरता कायदा करून टाकला. ब्रिटिश हिंदुस्थानात वाट मोकळी झाली ती हरिसिंग गौर यांच्या १९२३च्या दुरुस्तीने. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांना आता धर्म न नाकारता आपापसांत रजिस्टर लग्न करता येऊ लागले.

फुकट मात्र नाही. असे लग्न करणारा एकत्र कुटुंबातून आपोआप वेगळा धरला जाई, त्याला दत्तक घेता येत नसे आणि त्याच्या मालमत्तेचा वारसा हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे जात नसे. शिवाय त्याच्या बापाला दुसरा मुलगा नसेल, तर तो हयात असतानाच बापाला दुसरा मुलगा दत्तक घेण्याची मुभा. म्हणजे धर्म नाकारायला नको, पण घरच्या लेखी मुलगा गेल्यातच जमा! १८६८च्या हरकतदारांचे म्हणणे पंचावन्न वर्षांनी असे कलमांत उतरले.

१९५४च्या विशेष विवाह कायद्याने धर्माचा प्रश्न पुसला. भिन्नधर्मीयांनाही लग्न मोकळे केले. एकत्र कुटुंबातून वेगळे होण्याचे कलम हिंदूंसाठी राहिलेच. आणि नोटिशीची मुदत १८७२ साली १४ दिवस होती, ती ३० झाली. नोंदणी कचेरीतल्या फलकावर नावे लागतात आणि भिन्नधर्मीय जोडप्याच्या घरी बातमी पोचायला तेवढे पुरते.

२०२३ साली समलिंगी जोडप्यांच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात आल्या, तेव्हा घटनापीठाने धर्मनिहाय कायदे बाजूला ठेवून याच कायद्यापुरता विचार करायचे ठरवले. तरी जमियत उलेमा-ए-हिंद विरोधात उभी राहिली. केंद्र सरकारनेही प्रतिज्ञापत्रात हिंदूंमध्ये विवाह संस्कार आहे आणि इस्लाममध्ये करार, असा दाखला देऊन दोन्हीकडे तो स्त्री-पुरुषांचाच, असे मांडले. ज्या कायद्यात ना होम ना निकाह, पक्षकार निवडतील ती पद्धत चालते, त्याच्या अर्थासाठी पुन्हा धर्मांचीच साक्ष काढली गेली. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाचही न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे सांगून प्रश्न संसदेकडे सोपवला.

पुढच्या आठवड्यात १८६५चा पारशी विवाह कायदा: तो पारशांनी स्वतःच मागून घेतला होता.